नवव्या मजल्यावरून दिसणारा घोडा

सिंगापुरात खोली भाड्याने देण्याआधी घरमालक राहण्याचा पास कोणता, नोकरी कुठे, स्वयंपाक किती वेळा करणार असं विचारतात. क्लेमेंटीतल्या या घरमालकांनी माझ्यापुढे एक फोटो सरकवला आणि विचारलं, "हे काय आहे?"

हिरव्या टेकडीवर पांढऱ्या रेघांनी काढलेलं एक लांबलचक जनावर होतं. मान बारीक, पाठ एका झटक्यात ओढलेली आणि चारपैकी दोन पाय अंगापासून सुटे.

"घोडा," मी म्हटलं.

"कशावरून?"

"म्हणजे... घोड्यासारखा दिसतोय."

"कुत्रा का नाही? तोंड नीट बघा. तोंड आहे की चोच आहे?"

मी नुकतीच पीएच.डी.साठी इथल्या विद्यापीठात आले होते, दोन आठवडे एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपत होते, आणि पाठीचे हाल झाले होते. वाद घालायचं त्राण नव्हतं. "मला माहीत नाही," मी म्हटलं.

"उत्तम!" ते एकदम खूश झाले. "माहीत नाही हेसुद्धा उत्तर असतं. तुमच्याआधी चार जण येऊन गेले. चौघांनाही माहीत होतं." मग आतल्या दिशेने हाक गेली, "अगं, ही चालेल!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ह्यांचं झालं असेल तर आता माझं ऐक. घरात अंडं आणायचं नाही. बाकी तू आणि तुझं नशीब."

अशी मी त्या घरात शिरले आणि चार वर्षं राहिले.

पहिल्या दिवशी एक गोष्ट मात्र खटकली होती. दुपारचे तीन वाजले होते आणि काका पायजम्यात होते. दाढी वाढलेली होती. मला वाटलं तापबीप असेल. पुढे कळलं की ताप नव्हता, निवृत्ती होती. उभी हयात त्यांनी जुरोंगच्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासण्यात घालवली होती. हातात लाल पेन, समोर माल, आणि मनात आलं की रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. अकरा-साडेअकरापर्यंत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पोळ्या लाटता लाटता काकू मला हळूच म्हणायच्या, "उठून करू काय, म्हणतात गं. मी काय सांगू?" दुसऱ्याच्या घरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला अशा वेळी कुठे बघावं ते कळत नाही. मी पोळीकडे बघायचे.

त्या पांढऱ्या घोड्याचा विषय निघाला की मात्र काका उठून बसत. तरुणपणी कंपनीने त्यांना तीन महिने इंग्लंडला शिकायला पाठवलं होतं. तिथली घरमालकीण एका रविवारी त्यांना एका टेकडीवर घेऊन गेली. टेकडी आतून खडूची. वरचं गवत सोलून त्यात पांढरा खडू ठोकून बसवला की चित्र तयार होतं, आणि ते दर थोड्या वर्षांनी घासावं लागतं, नाहीतर गवत त्याला गिळतं. गावातले लोक हातोड्या घेऊन गुडघ्यांवर बसले होते. काकांच्याही हातात एक हातोडी देण्यात आली. दिवसभर त्यांनी पांढऱ्या दगडाचा भुगा ठोकला. आपण कुठे बसलोय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण जवळून तो घोडा दिसतच नाही, नुसती पांढरी पायवाट दिसते. संध्याकाळी दरीपलीकडून मागे वळून पाहिल्यावर त्यांना उमगलं. "मागच्या पायाचा गुडघा माझा आहे," ते सांगत. इतर लोक मुलाबाळांबद्दल सांगतात त्याच सुरात सांगत.

त्या घोड्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. त्याहून तोंडपाठ होतं ते त्यातलं काय इतिहास नाही ते. कोणी म्हणतात एका राजाने लढाई जिंकली म्हणून तो कोरून घेतला. "मातीची तपासणी झाली, भावी डॉक्टर. घोडा राजाच्या कितीतरी आधीचा निघाला. राजा रिजेक्ट." मला ते भावी डॉक्टर म्हणत, कारण पदवी हातात आली नव्हती आणि पुराव्याशिवाय त्यांना कोणाला डॉक्टर म्हणवत नसे. टेकडीच्या पायथ्याशी एका संताने अजगरासारखा राक्षस मारला आणि त्याचं रक्त सांडलं तिथे गवत उगवत नाही. "शेणखत टाकून बघितलंय का कोणी? रिजेक्ट." घोड्याच्या डोळ्यावर उभं राहून तीन गिरक्या घेतल्या की इच्छा पूर्ण होते. "मी त्या दिवशी तीन जणांची चौकशी केली. एकाला मोटार हवी होती, मिळाली नव्हती. दुसरी सांगायला लाजली. तिसरा मी."

"तुम्ही काय मागितलं होतं?"

"ते सोडा. नमुना फार लहान होता."

महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून घोडा गवताने झाकून टाकला होता आणि नंतर पुन्हा उघडा केला, ही हकीकत मात्र त्यांनी पास केली होती. आणि लोकांनी घासला म्हणून तो टिकला, ही. बाकी तो कोणी केला, कशासाठी केला, घोडा आहे की दुसरंच काही, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "माहीत नाही." हे ते इतक्या अभिमानाने म्हणत की ऐकणाऱ्याला आपल्याला काहीतरी माहीत असल्याची लाज वाटावी.

आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, मागे रहिवाशांची बाग आहे. चिठ्ठ्या टाकून तीन वर्षांसाठी एकेक वाफा देतात. वाफा म्हणजे दोन पलंग शेजारी ठेवले तर मावतील एवढा. काकूंनी गुपचूप काकांच्या नावाने फॉर्म भरला आणि चिठ्ठी निघाली. काकूंच्या डोळ्यांपुढे मेथी होती, कोथिंबीर होती, कढीपत्त्याचं एक झाड होतं. काका खाली गेले, वाफ्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि वर येऊन म्हणाले, "उतार कमी आहे."

"मेथीला उतार कशाला?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला बाथरूममध्ये पाण्याचा आवाज आला. काका आंघोळ करत होते! काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या. पुढचे दहा दिवस काकांनी माती वाहून वाफ्याची मागची बाजू चढती केली, तिच्यावर गवत लावलं आणि मग ते गवत पट्ट्यापट्ट्यांनी सोलायला घेतलं. राक्षस करावा असाही एक विचार होता. इंग्लंडात दुसऱ्या एका टेकडीवर हातात सोटा घेतलेला एक राक्षस आहे आणि त्याच्या अंगावर काही नाही, म्हणजे अगदीच काही नाही. फोटो बघून काकू म्हणाल्या, "हा माझ्या खिडकीखाली आला तर मी पुण्याला जाते." त्यामुळे घोडाच ठरला.

अडचण खडूची होती. शाळेतला खडू काकांनी खडू मानायलाच नकार दिला. तो वेगळ्याच दगडाचा असतो म्हणे. काकूंनी औदार्याने आपला रांगोळीचा डबा दिला. इथे दुपारी आभाळ फुटल्यासारखा पाऊस येतो, पहिल्याच दुपारी घोडा गटारात गेला. मग एका सकाळी खालच्या कॉफीच्या दुकानात काकांना साक्षात्कार झाला. तिथे लोक टोस्टबरोबर अर्धवट उकडलेली अंडी फोडून खातात, आणि अंड्याचं टरफल आणि टेकडीचा खडू हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने सख्खे भाऊ आहेत. मीही प्रयोगशाळेतून आल्यावर होकार दिला, तिथेच माझं चुकलं.

दुकानदार रोज पिशवीभर टरफलं द्यायला लागला. ती बागेच्या नळावर धुऊन वाळवायला ठेवली तर साळुंक्या उधळून टाकत. आठवड्याभरात माझ्या पलंगाखाली तीन बादल्या आल्या. भाडेकरूच्या खोलीत आपण जायचं नाही हा काकूंचा नियम होता आणि काकांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

"काका, घरात अंडं आणायचं नाही ना?"

"अंडं आणलेलंच नाही. वेष्टण आणलंय. आतला माल दुसऱ्यांनी खाल्लाय."

एका शनिवारी पंख्याचा माणूस आला आणि त्याच्यामागून काकू खोलीत आल्या. त्यांनी वाकून पाहिलं. तीन बादल्या टरफलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत रागापेक्षा अचंबा जास्त होता. "किती अंडी खातेस गं तू?"

मी काकांकडे पाहिलं. काका पंख्याच्या माणसाला पंख्याबद्दल विचारत होते.

दोन दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. तरी जेवताना माझ्या ताटात वाटीभर जास्त उसळ यायची. पोरीच्या अंगात काहीतरी कमी असल्याशिवाय ती एवढी अंडी खाणार नाही, असा त्यांनी हिशेब केला होता. तिसऱ्या दिवशी काकांना राहवलं नाही. आपल्यामुळे खोटी नोंद झाली आहे हे त्यांना पचत नव्हतं. वरणभात कालवता कालवता ते म्हणाले, "ती निर्दोष आहे. बादल्या माझ्या."

"म्हणजे तुम्ही खाता?" काकूंनी डाव खाली ठेवला. प्रकरण मिटायला आणखी आठवडा लागला. बादल्यांना झाकणं लागली, त्या बागेत गेल्या, आणि बागेतून आल्यावर आंघोळीशिवाय ओट्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

पण टरफलांचा भुगा ठोकून ठोकून घोडा झाला. आणि त्यात एक गंमत होती. बागेत उभं राहिलं की तो चुना सांडल्यासारखा दिसायचा, नीट दिसायचा तो फक्त वरून, आमच्या नवव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. काका खाली गुडघ्यांवर बसलेले, कानात फोन, आणि काकू वर एका हाताने फोडणी देत हुकूम सोडत: "पोट सुटलंय त्याचं. आत घ्या. आत! माझी आत, तुमची नव्हे! पुढचा पाय बघा, लंगडतोय." पावसाने पाय वाहून गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकायचे. इंग्लंडात जे काम काही वर्षांनी एकदा करतात ते काकांना रोज मिळालं, आणि त्यांच्याइतका सुखी माणूस मी सिंगापुरात पाहिला नाही.

संकट आलं ते भलत्याच बाजूने. शेजारच्या वाफ्यात एक आंटी मिरच्या लावायची. तिच्या रोपांवरच्या गोगलगायी कमी झाल्या. तिने सगळ्यांना सांगितलं की हा घोडा गोगलगायी खातो. मग तिचा नातू परीक्षेच्या सकाळी घोड्याच्या डोळ्याला हात लावून गेला आणि पास झाला. पुढच्या परीक्षेला वाफ्यापाशी दप्तरांची रांग लागली. पाचव्या मजल्यावरच्या एका आजोबांचा गुडघा घोडा बघून हलका झाला. एका मंगळवारी काकूंच्या सांगण्यावरून काकांनी मान जराशी उजवीकडे घेतली, तर बुधवारी सगळा ब्लॉक म्हणत होता की घोडा आता लिफ्टकडे बघतो आणि हे फार शुभ आहे.

जन्मभर दंतकथा रिजेक्ट करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच घोड्याला, वर्षभरात चार दंतकथा फुटल्या. काका हैराण झाले. त्यांनी इंग्रजीत एक पाटी छापून, प्लास्टिकमध्ये घालून वाफ्यात रोवली: हा घोडा काहीही करत नाही. दुसऱ्या दिवशी पाटीखाली कोणीतरी नैवेद्याची दोन संत्री ठेवून गेलं होतं.

तीन वर्षं संपत आली तशी बागेच्या समितीची चिठ्ठी आली. वाफे भाज्या आणि फुलं लावण्यासाठी आहेत, आपल्या वाफ्यात तसं काही दिसत नाही, शिवाय तिथे पूजा होते अशी तक्रार आहे. मुदत वाढवायची असल्यास कारण लेखी कळवावं आणि सभेला यावं. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला बाथरूममध्ये आवाज आला नाही. सहाला नाही, सातला नाही. आठ वाजता काकू माझ्या दारात आल्या. "पुन्हा भिंतीकडे तोंड केलंय गं," एवढंच म्हणाल्या.

मिरचीवाल्या आंटीने सूत्रं हातात घेतली. सह्यांचा कागद निघाला: नाव, मजला, कारण, सही. तीन दिवसांत चार पानं भरली. काकांना दाखवायला ती स्वतः वर आली. काका उठले, चष्मा लावला, वाचायला लागले, आणि आम्ही तिघींनी निःश्वास टाकला. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

"नो, नो, अंकल!" आंटी ओरडली.

"धिस रीझन इज नॉट ट्रू," काका म्हणाले. गोगलगायींवर पहिली रेघ पडली. "युअर नेबर ऑल्सो हॅज लेस स्नेल्स. ही इज फार फ्रॉम द हॉर्स."

"यू वाँट युअर हॉर्स ऑर नॉट?"

"आय वाँट. बट नॉट लाइक धिस."

आंटीने आपली सही खोडली आणि दार आपटून गेली. काका तिथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण ते पानं घेऊन दारोदार गेले, चूक दुरुस्त करण्याची संधी प्रत्येकाला द्यायला. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांनी गुडघ्याचा आधीचा एक्स-रे मागितला. परीक्षेत पास झालेल्या मुलांच्या आयांना विचारलं, "नापास झालेल्यांपैकी किती जणांनी हात लावला होता?" लोक भराभर सह्या मागे घेत गेले. मी 'छान दिसतो' असं कारण लिहिलं होतं. "हे मत झालं, भावी डॉक्टर. हे कारण नव्हे," म्हणून माझीही रेघ ओढली गेली. संध्याकाळी चार पानं लाल झाली होती आणि एकही नाव उरलं नव्हतं.

काका खुर्चीत बसले होते. त्यांना समजत होतं काय केलंय ते. "खोट्यावर टिकवायचा असता तर तो राजासुद्धा मी पास केला असता," ते म्हणाले.

काकूंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "शेवटच्या पानावर जागा आहे ना? लिही. मी सांगते, तू इंग्रजीत लिही. घोडा झाल्यापासून हे सकाळी उठतात."

मी लिहिलं. काकूंनी सही केली. काकांनी पान ओढून घेतलं. लाल पेन हातात होतंच.

"पुरावा?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं त्या खिडकीत उभी आहे मी," काकू म्हणाल्या. "तुम्हाला खालून घोडा दिसत नव्हता. मला वरून तुम्ही दोघं दिसत होता. मारा रेघ, हिंमत असेल तर."

काकांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी टोपण लावून खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी खोलीत जाऊन जरा रडून घेतलं, कारण तिथे बसून रडणं बरं दिसलं नसतं.

सभा तळमजल्यावरच्या खोलीत होती. समितीच्या अध्यक्षबाई, चष्मा गळ्यात अडकवलेल्या, कडक. त्यांनी चष्मा लावून चार पानं उलटली. लाल, लाल, लाल. शेवटच्या ओळीवर थांबल्या. "हू रोट धिस?"

काकूंनी हात वर केला.

"ही वेक अप व्हॉट टाइम?"

"हाफ पास्ट फाइव्ह."

"बाय हिमसेल्फ?"

"बाय हिमसेल्फ. बाथ ऑल्सो."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. समितीच्या इतरांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माय हजबंड रिटायर लास्ट इयर. सोफा, टीव्ही, सोफा. टॉक टू हिम, ऑल्सो नो आन्सर." मग काकांकडे वळल्या. "अंकल, ऑरेंज नो मोअर, प्रेइंग नो मोअर. अँड यू प्लांट वन कॉर्नर चिली, सो द रूल हॅपी. कॉर्नर प्लॉट स्टिल एम्प्टी. यू टीच माय हजबंड, कॅन ऑर नॉट? कॅन, आय गिव्ह यू थ्री मोअर इयर्स."

आता निमूटपणे हो म्हणायचं की नाही? काका उभे राहिले, घसा साफ केला. "मॅडम, आय मस्ट टेल यू. वन मॅन गेटिंग अप इज नॉट प्रूफ."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात नवी खोली शोधायला लागले.

"टू मेन," काका म्हणाले, "देन वी कॅन सी."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला त्यांनी दुसऱ्या मजल्यावर अध्यक्षबाईंच्या दाराची बेल वाजवली. बराच वेळ कोणी उघडलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. शेवटी पायजम्यातला, दाढी वाढलेला एक माणूस दारात आला आणि काय आहे म्हणून बघत राहिला. काकांनी हातातली जादा हातोडी त्याच्यापुढे धरली आणि खिशातून मला दाखवलेला तोच फोटो काढला.